दापोलीच्या पडवीपासून सिद्धार्थच्या ग्रंथालयापर्यंत

पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या संग्रहात बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातलं एक लहानसं लिखाण होतं. १९ मार्च १९९० रोजी संस्थेनं ते पुस्तिका म्हणून छापलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे तिचं नाव. अस्पृश्यता म्हणजे काय, हे परक्या देशातल्या माणसाला व्याख्या सांगून कळत नाही, घडलेलं सांगावं लागतं, म्हणून त्यांनी स्वतःवर आणि इतरांवर गुदरलेले प्रसंग त्यात मांडले आहेत. पहिला प्रसंग १९०१ सालचा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनावर उतरतात, न्यायला कोणी आलेलं नसतं, जात कळल्यावर बैलगाडी मिळेनाशी होते. शेवटी दुप्पट भाड्यावर गाडी ठरते, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. जवळ जेवणाचा डबा असतो, पण पाणी देणारं कोणी नसतं, म्हणून सारी रात्र उपाशी जाते.

हा प्रसंग सांगण्याआधी बाबासाहेब आपलं मूळ सांगतात: आमचं घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं. आंबडवे हे त्यांचं गाव आज मंडणगड तालुक्यात मोडतं. जगातल्या विद्यापीठांत अभ्यासलं जाणारं हे लिखाण आपल्या तालुक्याच्या नावानं उघडतं. म्हणून संस्थेचा इतिहास लिहायला बसलो तेव्हा मला तो ८ जुलै १९४५ या स्थापनेच्या तारखेपासून सुरू करावासा वाटेना. त्याची सुरुवात दापोलीत आहे, आणि सुरुवातीला इमारत नाही, कागद आहे.

दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात. इंग्रजी पलटणीचा तळ होता, हवा चांगली होती, आणि पेन्शनीत निघालेले शिपाई इथे घर करून राहत. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले महार मुंबई इलाख्याच्या फौजेत मोठ्या संख्येनं होते. फौजेत लिहिणं-वाचणं शिकवलं जाई. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ स्वतः चौदा वर्षं लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावात ज्यांच्या सावलीचा विटाळ होई त्यांच्या खिशात पेन्शन होती, अंगावर सुभेदारीचा मान होता आणि हातात लेखणी होती. या तिन्हींची सांगड बसली तेव्हा दापोलीत काहीतरी नवं उगवलं.

त्याचं नाव गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीत राहून लिहू लागले. ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ यांत त्यांचे लेख येत. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. ती सव्वीस प्रश्नांची आहे: शास्त्र जाणणाऱ्यांना उघड विचारलेले, उत्तर मागणारे. ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्थाही त्यांचीच. पुढे १८९० च्या दशकाच्या आरंभी सरकारनं महारांची फौजेतली भरती थांबवली, तेव्हा या मंडळीच्या नावानं सरकारकडे जायचा विनंतीअर्ज त्यांनी लिहिला. १८९५ मध्ये ते महाडच्या लोकल बोर्डावर सभासद नेमले गेले, तर इतर सभासदांना त्यांच्या शेजारी बसणं जड गेलं. १९०० मध्ये ते वारले.

त्याच दशकात दापोलीतल्या या पेन्शनरांनी आणखी एक झगडा दिला, तो मुलांच्या शाळेसाठी. सरकारी पैशावर चालणारी शाळा, कर सगळे भरतात, मग आमची मुलं आत का नाहीत? अर्ज झाले, उत्तरं आली, पुन्हा अर्ज झाले. मुलांना जागा मिळाली ती पडवीत. आतल्या भिंतीवरचा फळा बाहेरून दिसेल तेवढा बघायचा, मास्तरांचा आवाज येईल तेवढा ऐकायचा. कोकणातल्या पडवीत श्रावणात पावसाची झड कशी आत येते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाटीवर लिहिलेलं तिथे आपोआप पुसलं जातं.

मला इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्याकडच्या दलित समाजाचं पहिलं गद्य कथा-कादंबरीत शोधू नये, ते अर्जात शोधावं. ‘मेहेरबान सरकार’ असा मायना असला तरी खाली युक्तिवाद असतो, आणि त्याच्याखाली घराघरातल्या माणसांच्या सह्या आणि अंगठे. पण अर्जाचं नशीब मोठं वाईट. अर्ज ज्याला लिहिला त्याच्या दप्तरात जातो, आणि लिहिणाऱ्याच्या घरी त्याची नक्कल राहिली तर राहिली. वलंगकरांच्या अर्जाची नक्कल राहिली, कारण चांगदेव भवानराव खैरमोडे नावाचा एक साताऱ्याकडचा माणूस आयुष्यभर असे कागद गोळा करत हिंडला. बाबासाहेबांच्या चरित्राचा त्यांचा पहिला खंड १९५२ मध्ये आला, मग खंडामागून खंड. त्यांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि दापोलीचा तो विनंतीअर्ज त्यातच आहे.

असाच एक कागद साताऱ्याच्या शाळेत जपला आहे, तो जनरल रजिस्टराचा. ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला, १९१४ या क्रमांकापुढे, ‘भिवा रामजी आंबेडकर’. एका ओळीची नोंद. ती शाळेनं सांभाळली म्हणून आज त्या दिवशी राज्यभर विद्यार्थी दिवस पाळला जातो.

ज्या समाजाचं लिहिलेलं कोणी ठेवत नाही, त्याला ठेवण्यासाठी स्वतःचं घर बांधावं लागतं. हे अमेरिकेतल्या काळ्या माणसांना आपल्या आधी उमगलं. यादवी युद्ध संपताच तिथे त्यांच्यासाठी महाविद्यालयं उभी राहिली: नॅशव्हिलला १८६६ मध्ये फिस्क, वॉशिंग्टनला १८६७ मध्ये हॉवर्ड, अलाबामात १८८१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांचं टस्किगी. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. म्हणजे हा धागा आपल्याकडून फार आधीपासून जोडलेला आहे. वलंगकरांची पुस्तिका निघाली त्याच १८८८ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हा तरुण फिस्कमधून पदवी घेऊन बाहेर पडला. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. प्रश्न मात्र जवळपास तेच होते.

या विद्यापीठांनी शिकवलं तर खरंच, शिवाय जपलं. हॉवर्डला १९१४ मध्ये जेसी मूरलँड यांनी काळ्या लोकांविषयीची आपली सगळी पुस्तकं देऊन टाकली. १९३० पासून डोरोथी पोर्टर या ग्रंथपाल बाईंनी ती हाती घेतली आणि त्रेचाळीस वर्षं सोडली नाहीत. त्यांच्या एका भांडणाची हकिगत मला फार महत्त्वाची वाटते. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची जी दशांश पद्धत आपल्याकडेही चालते, तिच्यात काळ्या लेखकाचं काहीही असो, कविता असो की नाटक, ते ३२५ किंवा ३२६ या आकड्यांखाली टाकण्याची तिथे वहिवाट पडली होती. पहिला आकडा वसाहतींचा, दुसरा गुलामगिरीचा. पोर्टरबाईंनी ते झुगारलं. कवी कवींमध्ये जाईल, इतिहासकार इतिहासात जाईल, असं म्हणून त्यांनी आपली वेगळी मांडणी केली. माणूस कपाटातल्या कुठल्या खणात ठेवला जातो, यावरूनही त्याची जात ठरते. आणि खण बदलणारा ग्रंथपाल त्याला माणसांत आणतो.

आता संस्थेकडे येतो. १९४५ च्या जुलैत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. जागा होती मरीन लाइन्सच्या लष्करी बराकी. लढाई संपलेली, पलटणी निघून गेलेल्या, रिकाम्या बराकींत बाकं मांडली गेली. दापोलीच्या कॅम्पात ज्यांच्या मुलांना पडवी मिळाली, त्यांची नातवंडं पन्नास वर्षांनी दुसऱ्या एका लष्करी तळाच्या छपराखाली आत, पुढच्या बाकावर बसली. पहिले प्राचार्य अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर, संस्कृतचे नामांकित पंडित आणि एल्फिन्स्टनचे माजी प्राचार्य. ज्या भाषेचा वर्ग पूर्वी या मुलांना बंद होता, त्या भाषेचा पंडित त्यांचा प्राचार्य झाला. वर्ग सकाळचे ठेवले होते, म्हणजे नोकरदाराला शिकून साडेदहाच्या आत कचेरी गाठता यावी. कोकणातून मुंबईला आलेल्या चाकरमान्यांच्या दृष्टीनं ही सोय म्हणजेच महाविद्यालय होतं. गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालिटीत, पोस्टात काम करणाऱ्यांना दिवसा शिकायला कोण सोडणार होतं? पुढे महाविद्यालय फोर्टात स्वतःच्या इमारतीत गेलं, १९५३ मध्ये वाणिज्य आणि १९५६ मध्ये विधी महाविद्यालय निघालं. सिद्धार्थ सर्व जातींच्या मुलांना खुलं होतं आणि आहे.

बराकींत वर्ग भरू लागले त्याच उन्हाळ्या-पावसाळ्याच्या संधीला बाबासाहेबांनी डुबॉइस यांना एक पत्र पाठवलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. आपल्या लोकांनाही तसं काही करता येईल का, या विचारानं त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. म्हणजे पुन्हा अर्जच! ३१ जुलै १९४६ रोजी डुबॉइस यांनी उलट टपाली उत्तर धाडलं: बाबासाहेबांचं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि भारतातल्या अस्पृश्यांविषयी त्यांना पूर्ण सहानुभूती होती. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, डुबॉइस यांच्या कागदपत्रांत सुखरूप आहे. हॉवर्डनं आर्थर स्पिंगार्न यांचा मोठा ग्रंथसंग्रह घेतला तो याच १९४६ मध्ये, आणि मूरलँड-स्पिंगार्न या जोडनावानं ते संशोधन केंद्र आज ओळखलं जातं.

सिद्धार्थच्या ग्रंथालयाचं मोल वेगळंच आहे. बाबासाहेबांचं पुस्तकांचं वेड सर्वांना माहीत आहे. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह त्यांनी बांधलं ते आधी पुस्तकांसाठी आणि मग माणसांसाठी, असं म्हटलं तरी चालेल. १९१७ मध्ये विलायतेहून परतताना त्यांचं सामान दुसऱ्या बोटीवर होतं. ती बोट टॉर्पेडोनं बुडवली आणि न्यूयॉर्कपासून जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. थॉमस कुक कंपनीनं भरपाई म्हणून सहाशे रुपये दिले. सहाशे रुपयांत पुस्तकं परत येत नाहीत. त्यानंतर जन्मभर त्यांनी जे जमवलं त्यातला मोठा भाग सिद्धार्थच्या कपाटांत आला.

त्या पुस्तकांत मालकाच्या खुणा आहेत. लाल पेन्सिल, निळी पेन्सिल, समासात उभ्या रेघा, कुठे एका वाक्याखाली दोनदा ओढलेली ओळ. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथाची प्रत घ्या. ती त्यांच्याकडे १९१७ पासून होती. शिक्षण आणि लोकशाही यांविषयी त्यांनी नंतर जे लिहिलं, ते वाचून मग या प्रतीतल्या अधोरेखित ओळी पाहिल्या की गुरूचं वाक्य शिष्यात कसं मुरलं आणि शिष्यानं त्याला कसं वळण दिलं, हे डोळ्यांनी दिसतं. परदेशांतले अभ्यासक फोर्टात येऊन हे समास वाचतात. छापील पुस्तक जगात कुठेही मिळेल. ही रेघ फक्त इथे आहे.

ग्रंथपाल होते एस. एस. रेगे. त्यांचं नाव समारंभात फारसं घेतलं जात नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतो. बाबासाहेब दिल्लीहून त्यांना कळवत आणि रेगे पुस्तकं शोधून देत, मजकूर छापखान्यात नेत, मुद्रितं पाहत. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या छपाईची धावपळ त्यांनी केली. १९५७ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालयानंच तो प्रसिद्ध केला, तेव्हा तो हातात घ्यायला बाबासाहेब नव्हते. हॉवर्डच्या पोर्टरबाई आणि फोर्टातले रेगे यांना मी मनात शेजारी बसवतो.

औरंगाबादची शाखा १९ जून १९५० ची. मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या अंमलातून सुटला होता, विद्यापीठ म्हणजे दूर हैदराबादचं उस्मानिया. तिथल्या उजाड माळावर संस्थेनं महाविद्यालय काढलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाला नाव मिळालं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. एक ग्रीक राजा, दुसरा भिक्षू. विद्वत्तेचा गर्व असलेल्या राजानं वाद घातला, हरला आणि हार मान्य केली. महाविद्यालयाला असं नाव ठेवणं म्हणजे आल्यागेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायचा परवाना देणं.

मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं आणि विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केलं. पुढे प्राचार्य झालेले म. ना. वानखेडे अमेरिकेत डॉक्टरेट करून आले आणि येताना काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख घेऊन आले. आपली मुलं जे लिहू पाहत होती, तसं दुसऱ्या खंडात कोणी आधीच लिहिलं आहे, हे वानखेड्यांनी त्यांना दाखवलं. त्याच आवारात गंगाधर पानतावणे शिकवत होते. ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथून सुरू झालं आणि त्यांनी ते पुढची पन्नास वर्षं चालवलं. खेड्यातल्या एखाद्या मुलानं वहीच्या पानावर कविता लिहून पाठवावी आणि ती छापून यावी, असा तो काळ. त्या त्रैमासिकाचे जुने अंक एकत्र बांधून ठेवणं म्हणजे एका पिढीची जन्मनोंद ठेवणं आहे. वानखेडे १९७८ मध्ये गेले, पानतावणे २०१८ मध्ये.

महाडचं महाविद्यालय १९६१ चं. चवदार तळ्याच्या गावात संस्थेनं जावं हे योग्यच होतं, आणि उत्तर रत्नागिरीतल्या मुलांना ते मुंबईपेक्षा जवळचं होतं.

जपण्याच्या या इतिहासात एक काळी नोंदही आहे. बाबासाहेबांच्या निधनानंतर दिल्लीत २६, अलीपूर रोड इथल्या घरात त्यांचे कागद पडून राहिले. १९६७ च्या जानेवारीत घर रिकामं करताना सामान अंगणात काढलं गेलं आणि वरून पाऊस आला. किती हस्तलिखितं भिजली आणि त्यांत काय होतं, याचा हिशेब आता लागणार नाही. उरलं ते कोर्टकचेऱ्यांतून फिरत अखेर महाराष्ट्र शासनाकडे आलं. वसंत मून यांनी त्या पेट्या उघडल्या, विस्कटलेली पानं जुळवली, आणि १९७९ पासून ‘लेखन आणि भाषणे’ यांचे खंड निघू लागले. पान क्रमांक नसलेल्या ढिगातून प्रकरण उभं करणं हे काम किती डोळे शिणवणारं असतं, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक.

रत्नागिरीनंही या कामाला आपली माणसं दिली. धनंजय कीर इथलेच, १९१३ चा जन्म. मुंबई म्युनिसिपालिटीत कारकुनी करत त्यांनी बाबासाहेबांचं इंग्रजी चरित्र लिहिलं आणि ते १९५४ मध्ये, म्हणजे चरित्रनायकाच्या हयातीत प्रसिद्ध झालं. कीर यांच्यामागून आणखी एक नाव घ्यायला हवं, आणि ते मला अधिक जवळचं आहे: ऊर्मिला पवार. जन्म १९४५, फणसवळे गाव, शिक्षण रत्नागिरी शहरात. वडील शिक्षक होते, ते लवकर गेले. आई आयदानं विणून घर चालवायची. सुपं, टोपल्या, करंड्या. बांबूच्या कांबी सोलताना बोटं चिरायची, तरी ती माउली थांबायची नाही. ‘आयदान’ हे आत्मचरित्राचं नाव तिथूनच आलं, २००३ मध्ये.

पण त्याच्या चौदा वर्षं आधी, १९८९ मध्ये, मीनाक्षी मून आणि ऊर्मिलाताईंनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं होतं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून, त्यांचं सांगणं उतरवून घेतलं. याला संग्रहालय म्हणायचं नाही तर कशाला? पुरुषांचे निदान अर्ज सापडतात, सह्या सापडतात, वर्तमानपत्रांतली नावं सापडतात. मोर्चाला भाकऱ्या बांधून देणाऱ्या आणि मग स्वतःही मोर्चात चालणाऱ्या बाईचा कागद कुठे असतो? बाबासाहेबांच्या पत्नी, दापोलीजवळच्या वणंदच्या रमाबाई, यांचंच पाहा. त्यांच्या वडिलांनी दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहिल्या, त्यांनी स्वतः मुंबईत अपार कष्टांत संसार केला, आणि २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. त्यांच्याविषयी आपल्याला जे माहीत आहे ते बहुतेक सारं दुसऱ्यांच्या तोंडून आलेलं. ऊर्मिलाताईंनी हेच ओळखलं होतं, म्हणून त्या जिवंत बायकांकडे वेळेत गेल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी आज नाहीत.

या लेखासाठी मी दापोली तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत गेलो होतो. ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं, शेतं कापणीला आली होती. एका घरी आजींनी माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा आणि कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला. वर एक जुनं लुगडं. त्याखाली पलटणीतून सुटल्याचा दाखला, घडीवर विरलेला. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या. गिरणीचं पासबुक. आणि दीर सिद्धार्थमध्ये शिकत होते तेव्हाची फीची पावती, वाळवीनं एका कोपऱ्यात खाल्लेली.

“दरसाल दसऱ्यानंतर काढते,” आजी म्हणाल्या, “पावसात ओल धरतं ना.” त्यांनी खळ्यात गोणपाट अंथरलं, एकेक कागद उलगडून त्यावर ठेवला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येकावर नदीतला एक गोटा ठेवला. फीच्या पावतीवर ठेवताना मात्र आधी तो पदरानं पुसून घेतला.